असेल, पण मला त्या परत हव्यात

प्रश्न

ताई, मला अगं-तुगंच करा. मी ३८ वर्षांची आहे, ठाण्यात राहते, एका कंपनीत हिशेबाच्या विभागात आहे. लिहायची हौस कॉलेजपासूनची. यंदा एका दिवाळी अंकासाठी दीर्घकथा मागितली गेली आणि मी मानसशास्त्रीय थरारकथा लिहायला घेतली. मुक्ता आणि रेवा अशा दोन मैत्रिणी. रेवा हळूहळू मुक्ताचं घर, तिची माणसं, तिचा स्वतःवरचा भरवसा ताब्यात घेते. तेरा प्रकरणं झाली, चौदावं अडलंय. तीन शेवट लिहून फाडले. एकात मुक्ता रेवाला घाटात ढकलते, दुसऱ्यात रेवा पोलिसांपुढे कबुली देते, तिसऱ्यात मुक्तालाच भास होत होते असं निघतं.

आता खरं सांगते. रेवा म्हणजे माझी गेल्या १९ वर्षांपासूनची मैत्रीण. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा ती चाळीस दिवस माझ्याकडे येऊन राहिली. तेराव्याचा स्वयंपाक, बँकेचे कागद, मृत्यूचा दाखला, आईला रात्री औषध देणं, सगळं तिने केलं. माझे पासवर्ड, घराची किल्ली तेव्हापासून तिच्याकडे आहेत. मग एकेक गोष्टी सुरू झाल्या. आईच्या मोत्याच्या कुड्या तिने एका लग्नापुरत्या नेल्या. मागितल्या तर म्हणाली, "अगं, तूच दिल्यास ना मला, आठवत नाही?" भिशी शुक्रवारी होती, तिने फोनवर शनिवार सांगितला. विचारलं तर, "मी शुक्रवारच म्हटलं होतं, हल्ली तुझ्या काही लक्षात राहत नाही." माझ्या ऑफिसातल्या एकीला तिने 'काळजीपोटी' सांगितलं, की बाबा गेल्यापासून मी गोळ्यांवर आहे. मी कसल्याही गोळ्या घेत नाही.

आणि गेल्या महिन्यात हे झालं. कथा मी गूगल डॉक्समध्ये लिहिते. नवव्या प्रकरणात माझं वाक्य होतं, "मुक्ताला सगळं आठवत होतं." एका सकाळी बघते तर तिथे होतं, "मुक्ताला वाटलं, तिला सगळं आठवतंय." आवृत्त्यांचा इतिहास उघडला. बदल दुपारी दोन चाळीसचा, माझ्याच खात्यावरून. त्या वेळी मी ऑडिटरसमोर बसले होते. तिला विचारलं तर हसून म्हणाली, "तूच बदललं असशील गं."

नवरा म्हणतो, बायकांच्या मैत्रीत असं चालायचंच. नाशिकची आतेबहीण आठ दिवस राहून गेली, जाताना म्हणाली, "ती तुझ्या घराचं दार तुझ्याआधी उघडते." मला झोप लागत नाही. कधी वाटतं मीच कृतघ्न आहे, कधी वाटतं मलाच काहीतरी झालंय. माझ्याकडे पुरावा एकाही गोष्टीचा नाही. कथेचा शेवट काय करू? आणि माझं काय करू?

– एक वाचक, ठाणे

उत्तर

बाळ, तुझं पत्र इथे थोडक्यात छापलं आहे. मूळ पत्र अकरा पानांचं, सोबत पहिलं आणि नववं प्रकरण. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल हातात घेतली आणि दोनच शब्द मोजले. 'पुरावा' हा शब्द तुझ्या पत्रात चौदा वेळा आला आहे. 'मैत्रीण' सहा वेळा.

तू थरारकथा लिहिते आहेस, त्यामुळे हे होणं मी समजू शकते. त्या प्रकारच्या कथेला पुरावा लागतोच. कुठेतरी रक्ताचा डाग, कपाटामागे सापडलेली डायरी, शेवटी कबुली. वाचकाने शंभर पानं श्वास रोखून धरलेला असतो, त्याला तो सोडायची जागा द्यावी लागते. पण तू तुझ्या आयुष्यालाही तोच नियम लावून बसली आहेस. तिचा गुन्हा सिद्ध होईपर्यंत तिच्यापासून लांब जायचा आपल्याला अधिकार नाही, असं तू धरून चालली आहेस. हे कोणी ठरवलं? कोर्टात आरोपीला संशयाचा फायदा मिळतो, तो योग्यच आहे, कारण तिथे त्याला तुरुंगात टाकायचं असतं. तू कोणालाही तुरुंगात टाकत नाहीस. तुला फक्त तुझ्या घराची किल्ली परत हवी आहे.

कुड्यांचंच घे. तुला पक्कं आठवतंय की त्या लग्नापुरत्या दिल्या होत्या. ती म्हणते कायमच्या दिल्यास. आता यात पुरावा कुठून आणणार? आणि आणखी एक गोष्ट सांगते, जी तुला आवडणार नाही. स्मृती ही कपाटात घडी घालून ठेवलेली साडी नव्हे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची एक छोटी फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्यांनी एकमेकींचा चुराडा केला तेव्हा वेग किती होता? आठवड्याने सगळ्यांना पुन्हा बोलावून विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. 'लागल्या' ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जण हो म्हणाले, 'चुराडा' ऐकलेल्या ५० पैकी १६. एक शब्द बदलला आणि न फुटलेली काच लोकांना आठवू लागली.

हे मी तिची बाजू घ्यायला सांगत नाही. "तुझ्या काही लक्षात राहत नाही" हे वाक्य तीन वर्षं रोज कानावर पडलं, तर चांगल्या खणखणीत बाईलाही काचा फुटलेल्या आठवू लागतील. ती हे मुद्दाम करते आहे की तिला स्वतःलाच ते खरं वाटतंय, हे मला इथे बसून कळायचं नाही. आणि तुलाही कदाचित कधी कळणार नाही. म्हणूनच आठवणींच्या मैदानात तिच्याशी झुंजायचं नाही. तिथे तू हरणार, कारण तू प्रामाणिक आहेस. स्वतःच्या आठवणीवर शंका घेण्याची तुझी तयारी आहे, तिची नाही.

माझ्याबाबतीत हे झालं, म्हणून इतक्या ठासून बोलते. वसतिगृहात माझी एक खोलीतली मैत्रीण होती. मला आलेली पत्रं फोडलेली मिळायची. माझ्याबद्दलच्या ज्या गोष्टी मी फक्त तिला सांगितल्या होत्या, त्या मेसमध्ये माझ्या आधी पोचलेल्या असायच्या. मी विचारलं की ती रडायची. मग मीच तिची समजूत काढायची, तिच्यासाठी कँटीनमधून चहा आणायची. पुढे दोघींची लग्नं झाली तरी हे चालू राहिलं. अकरा वर्षं मी एका गोष्टीची वाट बघत होते, की एक दिवस ती रंगेहाथ सापडेल, मग मी मोकळी. ती सापडली नाही. ती आता हयात नाही, आणि ती पत्रं तिनेच फोडली होती का हे मला आजही ठाऊक नाही. त्या अकरा वर्षांत मी किती माणसांशी मनमोकळं बोलायची राहिले, ते मात्र चांगलं ठाऊक आहे.

आता चाळीस दिवसांबद्दल. तुझ्या पत्रातला सगळ्यात खरा भाग तोच आहे, आणि तुझ्या कथेत तोच नाही. पहिल्या प्रकरणात रेवा येते तीच मुळी डोळ्यांत काहीतरी 'वेगळं' घेऊन. वाचक पहिल्या पानावरच सावध होतो. खऱ्या आयुष्यात तू सावध झाली नाहीस, कारण सावध व्हावं असं काही नव्हतंच. ती बाई खरोखर तुझ्या आईच्या उशाशी बसली. बँकेच्या रांगेत तिने दोन-दोन तास काढले. ते नाटक नव्हतं. मला तर वाटतं, ते चाळीस दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस असावेत. एक अख्खं घर तिच्या हाताकडे बघत होतं. मग तू हळूहळू उठलीस, कामावर जायला लागलीस, हसायला लागलीस, कथा लिहायला बसलीस. तुझं सुतक फिटलं, पण तिला ते फिटायला नको होतं. तू विसराळू असशील, गोळ्यांवर असशील, एकटी असशील, तरच तिची जागा शाबूत राहते. माझा हा अंदाज आहे, चूकही असू शकेल. पण भिशीचा वार, ऑफिसातली कुजबुज, तुझं बदललेलं वाक्य, हे तिन्ही धागे मला याच एका गाठीत येताना दिसतात.

तिने केलं ते खरं होतं म्हणून तू तिची ऋणी आहेस. हे ऋण नाकारू नकोस, नाकारलंस तर रात्रीची झोप आणखी जाईल. फक्त ते कशाने फेडायचं हे तू ठरवायचं आहेस. तिच्या आईच्या आजारपणात तू रात्री बसू शकतेस, तिला पैशांची नड लागली तर देऊ शकतेस. घराची किल्ली, खात्याचे पासवर्ड आणि स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास या गोष्टी ऋण फेडायच्या नाहीतच.

तुझ्या नवऱ्याचं वाक्य मला टोचलं. बायकांच्या मैत्रीत असं चालायचंच, म्हणे. त्यांच्या एखाद्या मित्राने त्यांच्या दुकानाच्या किल्ल्या ठेवून घेतल्या असत्या, बाजारात त्यांची पत गेली असं पसरवलं असतं, तर पुरुषांच्या मैत्रीत असं चालायचंच म्हणून ते स्वस्थ बसले असते का? त्यांना हे छापलेलं उत्तर वाचायला दे. भांडायला नको, नुसतं दे.

पण त्यांना दोष देऊन मी थांबणार नाही, कारण हे आपल्या सगळ्यांच्या अंगात मुरलेलं आहे. आपल्या भोंडल्याच्या गाण्यांत छळणाऱ्या बायका कोण? सासू, नणंद, जाऊ. गोष्टींत आणखी सवत. जात्यावरच्या ओवीतली सई मात्र जिच्यापाशी मन हलकं करायचं ती. सासूने जाच केला तर तो बोलून दाखवायला आपल्याकडे शेकडो वर्षांचे शब्द तयार आहेत. सईने केला तर एकही नाही. नवऱ्यापासून सुटायला घटस्फोट आहे, भावाशी वाटणी आहे, भाडेकरूला नोटीस आहे. मैत्रीतून निघायला चौथीपर्यंत 'कट्टी' होती, त्यानंतर काहीच नाही. म्हणून तुझ्यासारख्या बाया कथा लिहितात आणि त्यात खून पाडतात. नुसतं लांब व्हायची वाट कोणी दाखवलेलीच नसते.

तुझ्या भाचीने तुला सांगितलं की याला 'गॅसलायटिंग' म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण तो हल्ली इतका स्वस्त झालाय की कोणी मत बदललं तरी वापरतात. त्याचा उगम सांगते, कारण त्यात तुझ्या उपयोगाची एक गोष्ट आहे. पॅट्रिक हॅमिल्टन या इंग्रज नाटककाराचं १९३८ मधलं 'गॅस लाइट' नावाचं नाटक. नवरा बाहेर जातो असं सांगून गुपचूप घराच्या वरच्या बंद मजल्यावर जातो, दडलेले दागिने शोधायला. तिथले गॅसचे दिवे त्याने लावले की खाली बायकोच्या खोलीतले दिवे मंद होतात. ती म्हणते दिवे उतरले, आणि सगळं वातावरण तिला सांगत असतं की तुझं डोकं फिरलंय. मग तिची सुटका कशी सुरू होते? नवरा कबूल करतो म्हणून नव्हे. बाहेरून आलेला एक निवृत्त पोलीस तिच्या खोलीत असताना दिव्यांचा उजेड कमी-जास्त होतो, आणि ते त्यालाही दिसतं.

बाळ, तुझ्या घरात दिवे उतरताना बघितलेलं माणूस आहे. नाशिकची आतेबहीण. "ती तुझ्या घराचं दार तुझ्याआधी उघडते." आठ दिवसांत तिने जे पाहिलं ते तू तीन वर्षं पुराव्याअभावी पुसून टाकत होतीस. अकरा पानांच्या पत्रात तू तिला एकच ओळ दिलीस, हे मला खटकलं.

दुसऱ्या एका माणसाचं असणं किती मोठं असतं, याचं मोजमाप झालेलं आहे. अमेरिकेत सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात विद्यार्थ्यांना कागदावरच्या रेघांची लांबी ताडून बघायला लावली. एका खोलीत सगळे आधी शिकवून ठेवलेले, मुद्दाम चुकीचं उत्तर देणारे, आणि एकटाच खरा. रेघ लांब की आखूड हे लहान पोरालाही कळावं, तरी त्या एकट्याची जवळपास एक तृतीयांश उत्तरं इतरांच्या मागे जाऊन चुकली. मग त्यांनी त्या खोलीत खरं बोलणारा फक्त एक सोबती बसवला. चुका आधीच्या सुमारे एक चतुर्थांशावर आल्या. बाकीची खोली तशीच खोटं बोलत होती, तरीही. आतेबहिणीला आज रात्री फोन कर. रेवाबद्दल निवाडा मागू नकोस. एवढंच विचार, "तू माझ्याकडे होतीस तेव्हा तुला काय काय दिसलं?" मग गप्प बसून ऐक.

त्यानंतर लगेच करायची कामं आहेत, ती पटकन सांगते. गूगल खात्याचा पासवर्ड बदल, तोही स्वतःच्या फोनवर, घरी एकटी असताना. खात्याच्या सुरक्षेच्या पानावर कुठकुठल्या डिव्हाइसवर ते उघडं आहे ते दिसतं. अनोळखी किंवा तिच्या फोनसारखं काही असेल तिथून साइन आउट कर, आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू कर. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून बघ. फोनचा पिन बदल. बँकेचा पासवर्ड बदल, बाबांच्या वेळी कुठे तिचा मोबाइल नंबर दिला गेला असेल तर शाखेत जाऊन काढून घे. दाराचं लॅच बदलून घे. किल्ली परत मागण्यापेक्षा ते सोपं, आणि त्यात कोणाची बोलणी खावी लागत नाहीत. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तू तक्रार कर असं मी आज म्हणत नाही. कायद्याच्या लेखी ही गोष्ट 'मैत्रिणी-मैत्रिणींतली गंमत' नाही, एवढं तुझ्या मनात स्वच्छ असू दे.

भिशीचे निरोप यापुढे जी भिशी चालवते तिच्याकडूनच थेट घे. ऑफिसात सफाई देत फिरू नकोस, 'मी गोळ्या घेत नाही' हे चार जणींना सांगितलंस की पाचवीला संशय येतो. त्या एकीला मात्र जेवायला बोलव, आणि गोळ्यांचा विषय न काढता तिच्याशी एक दुपार नीट बोल.

आता कुड्या. त्या आईच्या आहेत, त्या परत यायलाच हव्यात. तू विचारतेस, तिला कसं पटवू? पटवायचं नाही. फोन करायचा आणि म्हणायचं, "आईच्या कुड्या मला परत हव्यात. रविवारी अकराला घ्यायला येते." ती म्हणेल, "अगं, तूच दिल्यास ना." इथे तू आजवर दर वेळी फसलीस, कारण तू म्हणालीस, "नाही गं, मी लग्नापुरत्या दिल्या होत्या." तिथून आठवणींचा खेळ सुरू झाला. या वेळी म्हण, "असेल. पण मला त्या परत हव्यात." ती म्हणेल तुझं हल्ली काही खरं नाही. "असेल. रविवारी अकराला येते." ती रडेल. ती रडली तर तुझा जीव कळवळेल, तसा तो कळवळू दे, तू दगड नाहीस. पण रविवारी जा. आतेबहीण येऊ शकली तर तिला घेऊन जा. ती खाली रिक्षात थांबली तरी चालेल.

'असेल' हा शब्द घोकून ठेव. त्यात तू तिला खोटं ठरवत नाहीस, स्वतःलाही वेडी ठरवत नाहीस. दोघींतल्या कोणाचं खरं हा प्रश्नच तू हातातून खाली ठेवतेस. मला हा शब्द सापडायला चाळिशी उलटावी लागली.

कुड्या परत येणार नाहीत, असंही होऊ शकतं. तसं झालं तर आईला खरं सांग. तुझ्या पत्रावरून आई मला खमकी वाटली. ती तुझ्यावर चिडेल, दोन दिवस बोलणार नाही. आईचं चिडणं हे त्या "आठवत नाही?" पेक्षा कितीतरी सुसह्य असतं.

तिला 'आपली मैत्री संपली' असं पत्र पाठवायचा विचार तू लिहिला आहेस. तीन पानं तयारही आहेत म्हणतेस. पाठवू नकोस. ते पत्र म्हणजे पुन्हा आरोपपत्र, आणि त्याला येणारं उत्तर तुला आणखी तीन वर्षं पुरेल. रोजचे दोन फोन आठवड्यातून एकावर येऊ देत, मग पंधरवड्याने. घरी येते म्हणाली तर बाहेर भेट, हॉटेलात, दुपारच्या वेळी. तिला स्वतःच्या मनातलं सांगणं आधी बंद कर, भेटणं नंतर. सणाला फोन, आजारपणात मदत, एवढ्यावर ती मैत्री थांबली तर थांबू दे. तिने मात्र उलट्या धमक्या दिल्या, ऑफिसात किंवा सोसायटीत येऊन तमाशा केला, किंवा खात्यात पुन्हा शिरायचा प्रयत्न केला, तर तारीख-वेळेसकट लिहून ठेव आणि तेव्हा तक्रारीचा विचार कर. ते लिहून ठेवणं स्वतःला पटवायला नाही, पोलिसांना द्यायला.

झोपेचं आणि विसरण्याचं मी वेगळं सांगते, कारण ते तिच्यावर ढकलून मोकळं होणं बरोबर नाही. रात्री तीन-चार तास झोपणाऱ्या कोणालाही गोष्टी आठवत नाहीत. अडतिशीत थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासून घ्यायला हवंच. डॉक्टरांकडे जा आणि सगळं सांग. अहवाल स्वच्छ आले तर तेवढीच एक शंका कमी झाली, काही निघालं तर औषध आहे. शरीरावर या नात्याचा भार पडतोय यात मला नवल वाटत नाही. ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये लोकांना दिवसभर रक्तदाब मोजणारी यंत्रं लावून पाहिलं होतं. ज्यांच्याबद्दल आपल्याला प्रेमही वाटतं आणि धास्तीही, अशा माणसांच्या सहवासात वरचा रक्तदाब सगळ्यात चढलेला आढळला. नावडत्या माणसासमोर आपण निदान तयारीत बसतो. हिच्यासमोर तू एकाच वेळी मिठी मारायला आणि वार चुकवायला उभी असतेस.

आणि पत्राच्या दहाव्या पानावर खोडलेली ओळ मला वाचता आली. "कधी वाटतं ती नसावीच, कधी वाटतं मीच नसावं." पहिल्या अर्ध्याची मला भीती वाटत नाही, तो राग तुझ्या कथेत घाटापर्यंत जाऊन परत आला आहे. दुसरा अर्धा मात्र खोडून संपत नाही. एखाद्या समुपदेशकाकडे जा. ते जमेपर्यंत आणि कुठल्याही रात्री तो विचार आला तर तेव्हाच १४४१६ वर फोन कर. टेलिमानसची ही सेवा सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. नवऱ्याला ही ओळ दाखव. भिशीच्या वारावरून त्यांना जे कळलं नाही ते या ओळीवरून कळेल.

आता तुझी कथा. तिचे तिन्ही शेवट तू फाडलेस ते योग्य केलंस. घाट नको. वाचकाला घाटाची भीती वाटत नाही, त्याने असे पुष्कळ घाट वाचलेत. मला तुझ्या पानांत धडकी भरली ती कुड्यांच्या प्रसंगात, रेवा आरशासमोर त्या घालून बघते आणि मुक्ताच्या आईला विचारते, "मला शोभतात ना हो काकू?" बस. तिथे मी कागद खाली ठेवला आणि उठून पाणी प्यायले. या प्रकारच्या गोष्टीत शस्त्र म्हणजे घरातलीच वस्तू, आणि ती प्रेमाने हाताळलेली. तुझ्याकडे किल्ली आहे, कुड्या आहेत, भिशी आहे. रिव्हॉल्व्हर कशाला शोधतेस?

पहिलं प्रकरण पुन्हा लिही. चाळीस दिवस पूर्ण लिही, घाई न करता. वाचक रेवाच्या प्रेमात पडला पाहिजे, तिने तेराव्याला केलेल्या वड्यांची चव त्याच्या जिभेवर आली पाहिजे. तिच्या डोळ्यांतलं ते 'वेगळं काहीतरी' काढून टाक. सातव्या-आठव्या प्रकरणापर्यंत वाचकालाही मुक्ताच जरा हळवी, जरा संशयी वाटू दे. तो मुक्तावर शंका घेईल आणि नंतर त्याला त्याची लाज वाटेल. तुझा नवरा, तुझ्या ऑफिसातली ती, सगळे त्याच खुर्चीत बसलेले आहेत.

रेवाचं लहानपण, तिच्यावर झालेला अन्याय वगैरे बाराव्या प्रकरणात जे घातलं आहेस ते मला पटलं नाही. थरारकथेत अशी एक शिडी लावायची पद्धत आहे, खलनायिका अशी का झाली ते सांगायची. तुला ते माहीत नाही, मुक्तालाही माहीत नाही. न कळणंच राहू दे. चौदाव्या प्रकरणात कबुली यावी म्हणून तू अडून बसली आहेस, कारण रेवाची कबुली तुला स्वतःला हवी आहे. ती कागदावर घेतलीस तरी खोटी वाटेल, घेतलीस आणि फाडलीसच.

आणि नवव्या प्रकरणातलं ते वाक्य. तू ते पुसून पुन्हा जुनं लिहिलंस असं म्हणतेस. नको. "मुक्ताला वाटलं, तिला सगळं आठवतंय." साऱ्या हस्तलिखितातलं सगळ्यात भयंकर वाक्य तेच आहे, आणि ते तुझं नाही. तसंच ठेव, पण मुक्ताच्या वहीत ठेव. तिने लिहिलेल्या ओळीच्या जागी एक दिवस तिला ती ओळ दिसते, हुबेहूब तिच्याच अक्षरात. ती वही मिटते. कोणाला काही विचारत नाही. दुपारी कुलूपवाल्याला बोलावते.

हे प्रकरण कुड्या घरी आल्यावर लिहायला घे. तोवर पहिलं नीट कर. संपादकांना ऑगस्टअखेरची मुदत दिली आहेस, म्हणजे तुझ्या हातात अजून सहा आठवडे आहेत. रविवारी काय झालं ते मला कळव, अकरा पानं लिहिलीस तरी चालेल.